उन्हाळे आणि उरलेल्या गोळ्या



आजचा विषय काहीसा संकोचाचा आहे. जे साप्ताहिक आजी चष्मा लावून वाचते आणि शाळकरी नातू रात्रीच्या रोझरीनंतर मोठ्याने वाचून दाखवितो, त्यात लघवीच्या विकाराविषयी लिहावे की लिहू नये, असा विचार कोणाच्याही मनात यावयाचा. परंतु ह्या दुखण्यात संकोच हाच रोगाचा पहिला सोबती ठरत आला आहे. तेव्हा घटकाभर तो बाजूस ठेवू.

आपल्याकडे ह्या दुखण्यास 'उन्हाळे लागणे' असे म्हणतात. नावातच कारणाची कल्पना दडलेली आहे. अंगात उष्णता वाढली म्हणून लघवीस आग होते, आणि म्हणून थंडावा द्यावयाचा: धण्या-जिऱ्याचे पाणी, सबजा, शहाळे, नाचणीची आंबील, कोकमाचे सरबत. ह्या घरगुती उपायांची थट्टा करण्याचा माझा मुळीच हेतू नाही; त्यांच्याकडे पुढे पुन्हा येणारच आहे. भर उन्हात कामे करून पाणी कमी प्यालेल्या माणसाची लघवी गडद होते, किंचित जळजळते, आणि दोन तांबे पाणी पोटात गेले की सारे ठीक होते, हेही खरे. मात्र वारंवार जावेसे वाटणे, दरवेळी थेंब थेंब होणे, ओटीपोटात कळ येणे, लघवी गढूळ किंवा क्वचित तांबूस होणे, ही लक्षणे दिसू लागली की ते काम उष्णतेचे नसते. ते जंतूंचे असते.

हा जंतू बहुधा कोठून परका आलेला नसतो. तेओडोर एशेरिश नामक जर्मन-ऑस्ट्रियन बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली तान्ह्या मुलांच्या आतड्यांतील जंतूंचे वर्णन केले. त्यातल्या एकास पुढे त्याचेच नाव मिळाले. डॉक्टर त्यास 'ई. कोलाय' म्हणतात. जन्मानंतर थोड्याच दिवसांत तो आपल्या आतड्यात वस्तीस येतो आणि त्याचे बहुतेक भाऊबंद तेथे आयुष्यभर निरुपद्रवीपणे राहतात. उपद्रव होतो तो जागा चुकली म्हणजे. आतड्यातला हा जंतू मूत्रमार्गातून वर चढून मूत्राशयात पोचला की आग सुरू होते. साध्या उन्हाळ्यांच्या दर चार प्रकरणांपैकी सुमारे तिहींत हाच आरोपी सापडतो. स्त्रीचा मूत्रमार्ग अवघा चार सेंटिमीटरांच्या आसपास असतो, पुरुषाचा त्याच्या चौपट-पाचपट. म्हणून हे दुखणे स्त्रियांच्या वाट्यास फार येते. निम्म्याहून अधिक स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी ते होते. ह्यात कोणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही, आणि घाणेरडेपणाचा शिक्का मारण्याचेही कारण नाही. तरीसुद्धा सून सासूला सांगत नाही, आई मुलाला सांगत नाही, आणि म्हातारे गृहस्थ तर कोणालाच सांगत नाहीत.

मग गावात काय घडते ते पाहा. दोन दिवस अंगावर काढले जातात. तिसऱ्या दिवशी जाऊबाईला हळूच विचारले जाते, "वहिनी, तुम्हांला गेल्या फेस्ताच्या वेळी असेच झाले होते ना, तेव्हा कोणती गोळी घेतली होती?" वहिनी फडताळ उघडतात. दहांच्या पाकिटातल्या चार गोळ्या उरलेल्या असतात, कारण तिसऱ्याच दिवशी बरे वाटले आणि उरलेल्या 'वेळेला उपयोगी पडतील' म्हणून जपून ठेवल्या. त्या चारांपैकी दोन घेतल्या जातात. आग कमी होते. किंवा कोणा मुलाला फार्मसीत पाठविले जाते, तो रिकामे पाकीट दाखवून म्हणतो, "ह्यातल्या चार द्या." चार मिळतात. कोणालाही आपण काही वावगे केले असे वाटत नाही; उलट डॉक्टरची फी व म्हापशापर्यंतचे बसभाडे वाचले म्हणून समाधान वाटते.

आता त्या दोन गोळ्यांनी आत काय केले? शापोरा आणि तेरेखोल ह्या नद्यांच्या काठची, किंवा डिचोलीच्या बाजूस मांडवीच्या काठची खाजने डोळ्यांपुढे आणा. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की नाजूक जातीचे भात करपून जाते, परंतु कोरगुट तग धरून राहते. त्या खाऱ्या पाण्याने कोरगुट निर्माण केले काय? नाही. ते शेतात आधीच इकडेतिकडे मिसळलेले होते. मिठाने केवळ बाकीचे सारे नाहीसे केले. पुढल्या वर्षी त्या शेतातले बियाणे धरून पेरले तर शेतभर कोरगुटच दिसेल. शेतकऱ्यास ते हवेच असते, एवढाच काय तो फरक. मूत्राशयात व आतड्यात असलेल्या कोट्यवधी जंतूंत काही थोडे असे असतात की, ज्यांच्यावर ती गोळी चालत नाही. औषध आले की दुबळे मरतात, आग थांबते, आणि चिवटांना सारे शेत मोकळे मिळते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय जंतू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. ह्या हिशेबाने सात तासांत एकाचे वीस लाखांहून अधिक होतील. मूत्राशयात ही गती मंदावते, पण चित्र कळण्यास एवढे पुरे.

येथे एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपण गोळी लघवीसाठी घेतो, पण ती जाते सर्व शरीरात. आतड्यातले जे जंतू आपल्या वाटेस गेलेले नसतात त्यांच्यावरही हाच प्रयोग होतो आणि तेथेही चिवटांचे पीक वाढते. २०१० साली ब्रिटिश संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र तपासले. त्यांना असे आढळले की, प्रतिजैविक घेतल्यानंतर त्या माणसाच्या अंगातील जंतूंत औषधाला न जुमानण्याची शक्ती पहिल्या महिन्यात सर्वाधिक दिसते आणि तिचा अंश बारा महिन्यांपर्यंत राहू शकतो. म्हणजे खोकल्यासाठी पावसाळ्यात घेतलेली निष्कारण गोळी शिमग्याच्या सुमारास लागलेल्या उन्हाळ्यांवरचा उपचार बिघडवू शकते.

हा धोका काही नव्याने कळला असे नाही. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात एक काल्पनिक गृहस्थ उभा केला होता. त्याचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन विकत आणतो आणि जंतू मरतील इतके न घेता त्यांना शिकवून तयार करण्याइतकेच घेतो. मग ते शिकलेले जंतू त्याच्या पत्नीस जडतात, तिला न्युमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, आणि ती मरते. फ्लेमिंगसाहेबांनी श्रोत्यांस विचारले की, ह्या मृत्यूस जबाबदार कोण? त्या वेळी पेनिसिलिन अजून बाजारात नीटसे आलेही नव्हते. आपल्या शेजारच्या महाराष्ट्रात पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षी तेथे पेनिसिलिन निघू लागले. ज्या घरांत पूर्वी न्युमोनियाने वा बाळंतज्वराने माणसे जात, तेथे ती वाचू लागली. त्या औषधांचे उपकार विसरून चालणार नाही. मी हे लिहीत आहे ते ती औषधे टिकावीत म्हणून.

ह्यानंतरची गोष्ट जपानची. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे रक्ती हगवणीचा जोर होता आणि नवनवीन औषधे सढळ हाताने दिली जात होती. १९५५ च्या सुमारास असे जंतू सापडले, जे एकदम चार औषधांना दाद देईनात. एक-एक करून चार वेळा योगायोगाने बदल होणे दुर्मिळच. मग हे घडले कसे? १९५९-६० च्या सुमारास जपानी संशोधकांनी त्याचा उलगडा केला. जंतू आपली प्रतिकारशक्ती मुलाबाळांना तर देतातच, पण शेजाऱ्यालाही देतात. आतड्यातला निरुपद्रवी ई. कोलाय ही विद्या हगवणीच्या जंतूस एका झटक्यात देऊ शकतो. एखाद्याने औषधाचा तोडगा चिठ्ठीवर लिहून दुसऱ्याच्या हाती सरकवावा तसे. एका चिठ्ठीवर चार-चार, पाच-पाच औषधांचे तोडगे लिहिलेले असतात. त्यामुळे एका औषधाचा गैरवापर दुसऱ्याच औषधाला निरुपयोगी करू शकतो.

ह्या चिठ्ठीचे सर्वांत गाजलेले उदाहरण मूत्रमार्गाच्याच संसर्गातून पुढे आले, आणि ते आपल्या देशाचे आहे. स्वीडनमध्ये राहणारे भारतीय वंशाचे ५९ वर्षांचे एक गृहस्थ २००७ च्या अखेरीस दिल्लीत रुग्णालयात होते. जानेवारी २००८ मध्ये ते स्वीडनला परतले. तेथे त्यांच्या लघवीची तपासणी झाली असता क्लेब्सिएला जातीचे जंतू सापडले, जे कार्बापेनेम ह्या राखीव ठेवणीतल्या इंजेक्शनांनाही जुमानीत नव्हते. एवढेच नव्हे, तर त्याच गृहस्थांच्या शौचातील ई. कोलाय जंतूंतही तीच विद्या आढळली. चिठ्ठी पोटातल्या पोटात एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे गेलेली होती. संशोधकांनी तिला नवी दिल्लीचे नाव दिले; इंग्रजी आद्याक्षरांनी ती 'एनडीएम-१' म्हणून ओळखली जाते. २०१० साली मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी आपला अनुभव प्रसिद्ध केला: कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जणांत ती सापडली होती. पुढल्या वर्षी दिल्लीतील पाणी तपासले गेले, तेव्हा पिण्याच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ आणि रस्त्यांवर साचलेल्या व झिरपलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत तीच चिठ्ठी होती.

त्या काळी आपल्या देशात पुष्कळ वाद झाला तो नावावरून. राजधानीचे नाव रोगाला दिले, ह्याने आपला अपमान झाला, असे अनेकांस वाटले. नाव देण्याची ती रीत मलाही रुचत नाही. परंतु जेवढी शाई नावावर सांडली, तेवढी गटारांवर सांडली असती तर बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही. पुण्याच्या मुठा नदीतील गाळाचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नदी शहरातून वाहते तेथे ह्या प्रतिकारविद्या शहराच्या वरच्या अंगाच्या मानाने कितीतरी पट अधिक आढळल्या. शुद्ध न केलेले सांडपाणी हे त्याचे मूळ. आपल्या वाड्यांतून विहीर आणि शौचालयाचा खड्डा ह्यांत किती अंतर आहे, हे ज्याने त्याने आपल्या परसात जाऊन पाहावे. पत्रादेवीच्या नाक्यावर गाड्यांची तपासणी होते, जंतूंची होत नाही. बांदा-दोडामार्गाचा रोगी बांबोळीस येतो, पेडण्याचा मुलगा मुंबईस वा आखातात नोकरीस जातो, आणि प्रत्येकजण आपापले आतडे बरोबर घेऊनच हिंडतो.

तेव्हा आज आपल्यापुढे परिस्थिती काय आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद २०१३ पासून देशातील मोठ्या रुग्णालयांकडून ह्याची माहिती गोळा करून दरवर्षी अहवाल काढते. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे नाव आपल्या फडताळांत सर्रास आढळते. १९८० नंतरच्या दशकात ते आले तेव्हा उन्हाळ्यांवर रामबाण ठरले होते; आज ह्या अहवालांतील निम्म्याहून अधिक ई. कोलाय जंतू त्याला भीक घालीत नाहीत. तपासणी होते ती मोठ्या रुग्णालयांत गेलेल्या रोग्यांची, बहुधा आधीच बरीच औषधे खाऊन आलेल्यांची. खेड्यातल्या पहिल्याच वेळच्या दुखण्यात प्रमाण इतके वाईट नसेलही. पण दिशा तीच आहे.

एक जुने औषध मात्र अद्याप ठाम उभे आहे. नायट्रोफ्युरँटॉइन हे १९५३ पासून वापरात असून मूत्राशयातल्या साध्या संसर्गातील बहुतांश ई. कोलाय जंतू आजही त्यास शरण येतात. ते रक्तात फारसे साचत नाही, लघवीत एकवटते, आणि जंतूवर एकाच वेळी अनेक बाजूंनी घाव घालते. त्यामुळे एखाद्या तोडग्याने त्याच्यापासून सुटका होत नाही. शिवाय खोकल्या-तापाला ते निरुपयोगी असल्याने त्याची उधळपट्टीही झाली नाही. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली म्हणून कोणी घाबरून ते अर्ध्यावर सोडू नये. तो औषधाचाच रंग होय. परंतु ज्यांची मूत्रपिंडे दुबळी आहेत त्यांस ते चालत नाही, आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत वर चढला असेल तरी त्याचा उपयोग नाही. मी वैद्य नव्हे. औषधांची नावे लिहितो ती ओळख व्हावी म्हणून. हे साप्ताहिक हाती घेऊन कोणी फार्मसीच्या पायऱ्या चढू नयेत.

आपल्या गोव्याला ह्या विषयाची विशेष काळजी वाटावी असे एक कारण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळले, प्रौढांपैकी २६.४ टक्के, म्हणजे चारांत एकाहून थोडे अधिक. ज्याच्या रक्तात साखर जास्त, त्याची रोगाशी झुंजण्याची ताकद कमी, आणि मूत्राशय नीट रिकामे होत नसल्याने जंतूंना तेथे ठाण मांडणे सोपे. त्यातच आपल्या गावांतील तरुण मंडळी बाहेर आणि घरात म्हातारी माणसे, अशी स्थिती. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना लघवीची नळी बसविलेली असते. त्या नळीच्या आतल्या बाजूस जंतू शेवाळासारखा थर धरतात आणि औषध त्या थरात शिरत नाही. म्हणून नळी गरजेपेक्षा एक दिवसही जास्त ठेवू नये, तिला हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावेत, आणि पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, परंतु जमिनीला न टेकता टांगावी. उलट, नळी असलेल्या वा वृद्ध माणसाच्या लघवीत नुसते जंतू सापडले, पण ताप नाही, आग नाही, दुखणे नाही, तर बहुधा औषध देण्याचे कारणच नसते. अहवालावरचा आकडा पाहून गोळ्यांचा आग्रह धरणारे नातेवाईक डॉक्टरांस पुष्कळ भेटतात. गरोदर स्त्रीची गोष्ट वेगळी: तिला काही त्रास नसला तरी लघवीत जंतू आढळल्यास उपचार केलाच पाहिजे, नाहीतर आई व बाळ दोघांनाही धोका संभवतो.

आम्हां धर्मगुरूंना रुग्णाभ्यंगासाठी अवेळी बोलावणे येते. वृद्ध स्त्री तापाने फणफणलेली, भ्रमात काहीतरी बोलत असलेली, आणि घरची माणसे भांबावून म्हणत असतात, "फादर, साधे उन्हाळेच होते हो! दोनदा गोळ्या दिल्या, बरे वाटले होते." साधेच होते हे खरे. मूत्राशयातला जंतू वर मूत्रपिंडात चढतो, तेथून रक्तात उतरतो, आणि रक्तात उतरल्यावर पहिले औषध चालणे वा न चालणे ह्यावर सारे अवलंबून राहते. तपासणीचा अहवाल येईपर्यंतच्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना अंदाजानेच औषध द्यावे लागते. अंदाज चुकला तर वेळ गेलेली असते. २०१९ साली जगभरात मूत्रमार्गाच्या संसर्गाची ४० कोटींहून अधिक प्रकरणे घडली आणि त्यांत दोन लाखांहून अधिक माणसे गेली, असा अंदाज आहे. औषधांना न जुमानणाऱ्या सर्व प्रकारच्या जंतूंमुळे त्याच वर्षी सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे.

कायदा ह्याबाबतीत अगदीच झोपलेला नाही. १ मार्च २०१४ पासून सेफिक्झिमसारखी कित्येक प्रतिजैविके 'एच-वन' ह्या यादीत घातली गेली. डॉक्टरांची चिठ्ठी असल्याखेरीज ती विकता येत नाहीत. रोग्याचे व डॉक्टरांचे नाव फार्मसीतल्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. २०१६ साली केंद्र सरकारने पाकिटावरच्या उभ्या लाल रेषेची मोहीम काढली: ती रेषा दिसली की चिठ्ठीशिवाय घेऊ नये. जुलै २०१९ मध्ये कोलिस्टिन ह्या अखेरच्या औषधाचा कोंबड्या व खाण्याच्या इतर जनावरांसाठी होणारा वापर बंद करण्यात आला, कारण त्याला न जुमानण्याची चिठ्ठी २०१५ साली चीनमधील डुकरांत सापडली होती. फार्मसीवाल्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु चिठ्ठी मागितली तर रागावून शेजारच्या दुकानात जाणारे गिऱ्हाईक कोण असते?

आणि गरिबाचा हिशेबही समजून घेतला पाहिजे. जिची रोजी बुडाली तर चूल अडते, तिला केरीहून वा साळहून डॉक्टरकडे जा, तपासणी करा, दोन दिवस थांबा, पुन्हा जा, असे सांगणे सोपे नव्हे. म्हणून येथे थोडा विवेक हवा. तरुण, अन्यथा निरोगी, गरोदर नसलेल्या स्त्रीस पहिल्यांदाच साधे उन्हाळे लागले असतील, तर पुष्कळदा डॉक्टर कल्चर न करताही योग्य औषध देऊ शकतात. जवळच्या आरोग्य केंद्रात एकदा जाऊन येणे एवढेच करावयाचे. मात्र दुखणे पुन्हा पुन्हा उलटत असेल, रोगी पुरुष, मूल, गरोदर स्त्री किंवा मधुमेही असेल, किंवा थंडी वाजून ताप, कुशीत दुखणे, उलट्या होत असतील, तर लघवीचे कल्चर केल्याखेरीज राहू नये, आणि ताप असल्यास त्याच दिवशी निघावे. गोळ्या किती दिवस, हे ज्याने दिल्या त्याने सांगितले तितकेच दिवस. पूर्वी लांबलचक उपचाराचा आग्रह असे. आता साध्या संसर्गास नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस पुरते, आणि फॉस्फोमायसिन तर एकाच मात्रेत दिले जाते. कमी घेऊ नये तसे जास्तही नको, आणि उरलेल्या गोळ्या फडताळात नकोत.

आता आजीच्या तांब्याकडे येऊ. २०१८ साली एका प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वारंवार हे दुखणे होणाऱ्या आणि पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी अधिक पिण्यास सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, इतरांना ३.२ वेळा. प्रतिजैविकेही जवळजवळ निम्मीच लागली. म्हणजे धण्याच्या पाण्यात धण्याचे श्रेय किती ते राहू द्या, पाण्याचे श्रेय पक्के आहे. ज्यांना हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे त्यांनी अर्थातच डॉक्टरांस विचारावे. आणि एक सूचना आपल्या फेस्त-समित्यांस: दिवसभराच्या फेस्तास शेकडो बाया येतात, आणि जागेची सोय नाही म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. मंडप व बँड ह्यांच्या खर्चात दोन स्वच्छ, कडी लागणाऱ्या शौचालयांची भर घातली तर कोणाची हरकत असेल असे वाटत नाही.

कल्चरविषयी शेवटी थोडे, कारण ते नीट न झाल्यास पैसे व दिवस दोन्ही फुकट जातात. ह्या लॅटिन शब्दाचे मूळ शेतीत आहे. लघवीचे थेंब बशीत पेरावयाचे, जंतू उगवू द्यावयाचे, आणि कोणत्या औषधाशेजारी ते उगवत नाहीत हे पाहावयाचे. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात ही तपासणी होते. पेडणे व डिचोली येथील आरोग्य केंद्रांत चौकशी केल्यास नमुना कोठे द्यावा ते सांगतील. नमुना गोळी घेण्यापूर्वी द्यावा. बाटली तपासणीवाल्यांकडूनच निर्जंतुक आणावी. घरची लोणच्याची बरणी कितीही घासली तरी चालत नाही. जागा साध्या पाण्याने धुवून, पहिली धार सोडून, मधली धार बाटलीत धरावी, झाकणाच्या आतल्या बाजूस बोट लावू नये, बाटलीवर नाव व वेळ लिहावी. दोन तासांच्या आत ती पोचली पाहिजे. बस चुकली तर फ्रीजमध्ये ठेवता येते, पण पिशवीत घट्ट बांधून, सोलकढीच्या भांड्यापासून दूर. अहवालात औषधांच्या नावांपुढे 'एस' असेल ते चालणारे आणि 'आर' असेल ते न चालणारे. कोणते निवडावयाचे हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. तो कागद बाप्तिस्म्याचे व लग्नाचे दाखले ठेवता त्याच पेटीत ठेवावा. पुन्हा कधी त्रास झाला तर डॉक्टर प्रथम तोच मागतील.